वंशावळ मागता, मग वारसाही ऐका!

बारावीचा निकाल लागला की आमच्या अभ्यासिकेत फॉर्म भरणाऱ्यांची गर्दी होते. यंदा त्यात एका खासगी ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचाही फॉर्म होता. 'गरजू विद्यार्थ्यांसाठी' असं वर ठळक लिहिलेलं. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँक पासबुक, सगळं नेहमीचं. शेवटच्या पानावर मात्र एक प्रश्न होता : 'आपल्या घराण्याच्या गौरवशाली वारशाविषयी तीनशे शब्दांत लिहा.' बी.एस्सी.ला जाणाऱ्या आमच्या एका बहिणीने सगळा फॉर्म भरला आणि ते पान कोरं ठेवलं. विचारलं तर म्हणाली, "दादा, आपलं कसलं घराणं? आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायची."

ते कोरं पान आम्हाला झोंबलं. म्हणून हा लेख.

या देशात 'घराणं' म्हटलं की वाडा आठवतो, इनाम आठवतं, भिंतीवरची ढाल-तलवार आठवते. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्या वंशावळी जपल्या गेल्या. ज्यांनी त्या जमिनीवर राबून हाडं झिजवली, त्यांची नावं कुठल्या दप्तरात आली? आली तर वेठ आणि वतनाच्या नोंदीत आली. मग अशा घरातल्या पोरीला 'गौरवशाली वारसा' विचारणं म्हणजे जुनाच प्रश्न गोड भाषेत विचारणं आहे : तू कोणाची?

सरकार तरी वेगळं काय करतं? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर जातीचा दाखला लागतो. त्यासाठी आणि जात पडताळणीसाठी वंशावळ लागते. अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आज्याचा, पणज्याचा शाळेचा दाखला आणा म्हणतात. ज्या पणज्याला शाळेच्या उंबऱ्यावर उभं केलं नाही, त्याचा दाखला आणायचा कुठून? म्हणजे जात सिद्ध करायला आमचे पूर्वज हवेत, पण त्यांनी काय सोसलं आणि काय उभं केलं हे ऐकायला कोणाला वेळ नाही.

आता २०२२ चं उदाहरण घ्या. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची परदेशात शिकण्यासाठी 'नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप' आहे. वार्षिक आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, मुख्यतः अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी. २०२२-२३ च्या नियमावलीत एक ओळ घातली गेली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचं सामाजिक संशोधन हे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. इंजिनिअरिंग शिका, मॅनेजमेंट शिका, पण आपल्या समाजाचा इतिहास परदेशी विद्यापीठात मांडू नका, असाच याचा अर्थ होतो. आमची गरिबी मान्य, आमचा अभ्यास अमान्य.

ही ओळ १९१३ मध्ये असती तर काय झालं असतं? सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब त्या वर्षी कोलंबिया विद्यापीठात गेले. एम.ए.साठी त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध तिथे वाचला. आजच्या नियमावलीत हे दोन्ही विषय बाद! परत आल्यावर १९१७ मध्ये त्याच बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. शिष्यवृत्तीने दार उघडतं, घर मिळत नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

म्हणूनच १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला, तो दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या लढ्यातून आली. आज त्या योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. ती मिळते तेव्हा कोणी उपकार करत नाही.

काही जण म्हणतील, ट्रस्टचा पैसा, ट्रस्टच्या अटी. शाहू महाराजांनीही जातवार बोर्डिंगं काढली होतीच की! होय, काढली. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पण महाराजांनी कुठल्या पोराला घराण्याचा गौरव विचारला नाही. खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात राहायला छप्पर नाही, एवढंच त्यांनी पाहिलं. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने मागासवर्गीयांना निम्म्या जागा दिल्या, त्याही कोणाची कीर्ती पाहून नाहीत. ज्यांना शाहूंचं नाव घ्यायचं आहे त्यांनी फॉर्मही शाहूंच्या रीतीने छापावा.

आता आपल्याच पोरापोरींशी बोलतो. ते पान कोरं ठेवू नका. आपला वारसा लपवण्यासारखा नाही. मेलेली ढोरं ओढायला लावली ही लाज ओढायला लावणाऱ्यांची. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी हाक दिली आणि आपल्या माणसांनी ते काम सोडलं, उपास काढले पण सोडलं, हा आपला वारसा आहे. गंगाराम कांबळेंनी याच कोल्हापुरात हॉटेल काढलं आणि स्वतः छत्रपती तिथे चहा प्यायले, हा वारसा आहे. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला पायी आलेली माणसं आपलीच होती. आणि खडी फोडून लेकरांना शाळेत घालणारी आजी? तिच्या घामावर कुठल्याही सरदाराच्या सनदेपेक्षा जास्त लिहिता येईल.

आमच्या मागण्या साध्या आहेत. खासगी शिष्यवृत्त्यांच्या फॉर्ममधून 'गौरवशाली घराणं' काढा. विचारायचंच असेल तर 'घरात पहिल्यांदा कोण शिकलं?' असं विचारा. परदेशी शिष्यवृत्तीतली इतिहास आणि समाजशास्त्रावरची बंदी उठवा. पडताळणीसाठी विद्यार्थ्याला दाराेदार फिरवू नका, सरकारने आपल्या दप्तरात स्वतः शोधावं.

त्या बहिणीने शेवटी आजीवर लिहिलं. तीनशे शब्द कमी पडले, मागे एक कागद जोडावा लागला. शिष्यवृत्ती मिळेल न मिळेल. पण तो कागद तिने मोबाईलवर फोटो काढून ठेवला आहे आणि आजीला वाचूनही दाखवला आहे.

तुमच्या तालुक्यात असे फॉर्म आले तर आम्हाला दाखवा. एकत्र भरू, आणि जिथे अट चुकीची असेल तिथे एकत्र भांडू.

जय भीम!