पावसाळ्यात वाडीची वीज तोडू नका!



वनहक्काचा दावा, दळीचा प्लॉट, फॉरेस्टची नोटीस यावर आपण नेहमी बोलतो. या वेळी घराच्या भिंतीवरच्या मीटरबद्दल बोलायचं आहे. कुणी म्हणेल, जमिनीच्या लढ्यात हे लाईट बिल कुठून आलं? पण विचार करा. दावा मंजूर झाला, घरकुल उभं राहिलं, मीटर बसलं, आणि ऐन आषाढात वायर कापली गेली, तर त्या घरात पोराबाळांना घेऊन राहायचं कसं? जमिनीवर राहायचा हक्क म्हणजे अंधारात राहायचा हक्क नव्हे.

माझं म्हणणं एकच आहे. १ जून ते ३० सप्टेंबर या चार महिन्यांत गरीब घराची वीज थकबाकीपायी तोडू नये. आणि थकलेलं बिल आपल्या कामाच्या हंगामाप्रमाणे हप्त्याने घ्यावं. बिल माफ करा, असं मी म्हणत नाही. जेवढी जाळली तेवढ्याचे पैसे आपण देऊ. पण कधी द्यायचे आणि कसे द्यायचे, यात आपल्या पोटापाण्याचा विचार झाला पाहिजे.

बिल थकतं कसं?

आपल्या वाड्यांचं वर्ष दोन तुकड्यांत मोडलेलं आहे. गणपती-नवरात्रात मुकादम फिरतो, उचल देतो. दिवाळी झाली की कातकरी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात. कुणी जिल्ह्यातच, कुणी पार कर्नाटकात. परत येतात ती मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर. मधले सहा-सात महिने घर बंद, पण मीटर चालूच. वीज जाळली नाही तरी स्थिर आकार लागतो. रीडिंगवाल्याला घर बंद दिसलं, मीटर आत असलं, की तो 'सरासरी' लावतो. ते बिल न भरल्यामुळे त्यावर व्याज चढतं. हिशोब होऊन शेठकडून हातात काय पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तेवढ्यात बियाणं घ्यायचं, कौलं-प्लास्टिक घ्यायचं, पोरांच्या वह्या घ्यायच्या. म्हणजे ज्या महिन्यात हात सगळ्यात रिकामा, त्याच महिन्यात थकबाकीचा कागद पुढे येतो.

या सरासरीच्या बिलात आणखी एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. दारिद्र्यरेषेखालच्या घराला विजेचा वेगळा, स्वस्त दर आहे. अट अशी की वर्षभरात ३६० युनिटच्या आत राहिलं पाहिजे, म्हणजे महिन्याला ३०. समजा एका घराने सहा महिने दर महिन्याला २० युनिट जाळले. झाले १२०. पुढचे सहा महिने घर बंद, पण बिलात सरासरी ४५ लावली. झाले २७०. बेरीज ३९०. खरा वापर १२० युनिटचा, आणि कागदावर घर ३६० च्या वर! आयोगाच्या दर आदेशाप्रमाणे एकदा या दरातून बाहेर पडलेलं घर पुन्हा त्या दरात येत नाही. पुढे दर महिन्याचा स्थिर आकारच शंभराच्या वर जातो. चूक रीडिंगची, आणि भुर्दंड जन्माचा.

अंधाराची किंमत

शहरातला माणूस म्हणेल, वीज गेली तर काय, मेणबत्ती लावा. आपल्याकडे पावसाळ्यातला अंधार कसा असतो ते त्याला माहीत नाही. रेशनचं रॉकेल बंद झालं, चिमणी विझली. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावलेलं कळतसुद्धा नाही. फुरसं लाकडाच्या ढिगात, विंचू कुडाच्या भिंतीत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या औषधावर आयुष्य घातलं आणि किती माणसं वाचवली. पण औषधापर्यंत पोचायला आधी काय चावलं ते दिसायला पाहिजे, आणि गाडी बोलवायला मोबाईलमध्ये चार्जिंग पाहिजे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकूर भावंडांची वाडी झोपेत गाडली गेली. तेव्हापासून दर पावसाळ्यात डोंगराखालच्या वाड्यांना सावध राहा म्हणून सांगतात. हा सांगावा बहुतेक वेळा मोबाईलवर येतो. ज्या वाडीत लाईट तोडली, त्या वाडीचा फोन बंद. मग सांगावा कुणाला पोचणार? जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. पोल आडवे पडले आणि कित्येक वाड्या आठवड्यांमागून आठवडे अंधारात होत्या. तेव्हा आभाळाने वीज तोडली होती. थकबाकीपायी माणसाने तीच वेळ आणायची, याला काय म्हणायचं?

थंडीच्या मुलखात काय करतात?

आपली मागणी जगावेगळी नाही. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या थंडीच्या काळात राहत्या घराची वीज किंवा गॅस बिल थकलं म्हणून तोडता येत नाही. तसा कायदाच आहे. तिथल्या सरकारी वीज कंपनीने २०२२ पासून आणखी एक पाऊल टाकलं. एरवीसुद्धा थकबाकीदार घराची वीज शक्यतो पूर्ण तोडायची नाही, दिव्यापुरती चालू ठेवायची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाच्या राज्यात १५ नोव्हेंबर ते १५ मार्च अडचणीतल्या कुटुंबाची घर गरम ठेवायची सोय तोडत नाहीत. तिथे लोक बिल बुडवतात असं नाही. थकबाकी उभी राहते, थंडी सरली की वसूल होते. त्या सरकारांनी एवढंच मानलं की ज्या ऋतूत वीज गेली तर माणूस मरू शकतो, त्या ऋतूत वसुलीचं हत्यार म्यान करायचं.

त्यांना थंडी मारते, आपल्याला पावसाळा मारतो. त्यांचे चार-पाच महिने नोव्हेंबरपासून, आपले चार महिने जूनपासून. फरक एवढाच.

आणि महाराष्ट्रात हे होऊच शकत नाही, असं कुणी सांगू नये. २ मार्च २०२१ रोजी विधानसभेत उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी थकबाकीदारांची वीज तोडायला स्थगिती जाहीर केली होती. १० मार्चला अधिवेशन संपताना ती उठवली. आठ दिवस का होईना, सरकार म्हणालं तेव्हा राज्यभर तोडणी थांबली. आठ दिवस थांबते, तर चार महिने का नाही?

हप्ते आहेत, पण कुणासाठी?

हप्त्यांची सोय नाही असं नाही. २०२० च्या लॉकडाऊननंतर मोठमोठी बिलं आली, लोक खवळले, तेव्हा घरगुती ग्राहकांना तीन हप्ते दिले. पुढे २०२२ साली आणि परत १ सप्टेंबर २०२४ पासून महावितरणने अभय योजना आणली. व्याज आणि विलंब आकार माफ, मूळ रकमेचे ३० टक्के आधी भरायचे, बाकीचे सहा हप्त्यांत. ऐकायला चांगलं आहे. पण ही योजना कुणासाठी? ज्यांची वीज कायमची तोडली गेली त्यांच्यासाठी! आधी मीटर काढून न्यायचं, वर्ष-दोन वर्षं अंधारात ठेवायचं, मग सवलत द्यायची. माणूस गेल्यावर औषध आणल्यासारखं झालं हे. तीच सवलत तोडायच्या आधी दिली तर मीटरही राहील आणि पैसेही येतील.

शिवाय दरमहा हप्ता ही नोकरदाराची पद्धत. आपल्याला दरमहा पगार नाही. आपला हप्ता भात झोडून झाल्यावर एक, शिमग्याला एक, भट्टीवरून परतल्यावर एक, असा पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने हप्ता नको, तोडणीही नको.

आज कायदा काय देतो?

नवा नियम होईल तेव्हा होईल. आज हातात आहे तेवढं तरी वापरू. वीज कायदा २००३, कलम ५६ लक्षात ठेवा.

एक. वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस पाहिजे. तशी नोटीस न देता तोडली तर ती तोडणी बेकायदा. हल्ली मोबाईलवर मेसेज टाकतात आणि त्यालाच नोटीस म्हणतात. वाडीत रेंज नाही, नंबर मेलेल्या बापाच्या नावावर, मेसेज इंग्रजीत. म्हणून ग्रामसभेने मागणी केली पाहिजे की वाडीतल्या घराला मराठीत कागदी नोटीस हातात द्या आणि सही घ्या.

दोन. बिल चुकीचं वाटलं तर हरकत नोंदवून पैसे भरता येतात. मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यात जी कमी असेल ती भरायची. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

तीन. जी रक्कम पहिल्यांदा देणं लागून २ वर्षं उलटली, ती वसूल करता येत नाही. मात्र ती दर बिलात सलग थकबाकी म्हणून दाखवलेली असेल तर ही सवलत मिळत नाही. म्हणून जुनी बिलं फेकू नका. दाव्याच्या फाईलमध्येच ठेवा.

कार्यालयात काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. तिथे वकील लागत नाही.

उलट बोलणाऱ्यांना

काही जण म्हणतील, तोडायची भीती गेली की कुणी बिलच भरणार नाही. आपल्या घरात दोन दिवे, एक पंखा, एक चार्जर. एवढ्यावर कंपनी बुडत नाही. आणि तोडल्याने पैसे तरी येतात का? तोडलं की कुणी शेजाऱ्याकडून वायर ओढतो, कुणी आकडा टाकतो. मग ओल्या भिंतीला करंट उतरतो, नाहीतर कलम १३५ खाली चोरीचा गुन्हा, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा. काल ज्याच्याकडे बाकी होती तो आज चोर ठरतो, आणि कंपनीला दमडी मिळत नाही. आकडा टाकू नका, हे संघटना सांगत आली आहे आणि सांगत राहील. पण आकड्याची वेळ आणणारी तोडणीही थांबली पाहिजे.

दुसरी गोष्ट. वायर कापायला येणाऱ्या वायरमनशी भांडू नका. तोही वरून आलेला हुकूम पाळतो. भांडण वरच्या नियमाशी आहे. आता तर नवीन मीटर येत आहेत, त्यात ऑफिसात बसून बटण दाबलं की वाडी अंधारात. वायरमन निदान दारात यायचा, म्हातारी बघायचा, बाळंतीण बघायचा, दोन दिवस थांबायचा. बटणाला डोळे नाहीत. म्हणून नियमातच लिहिलेलं संरक्षण आता जास्त गरजेचं आहे.

आणि उपकाराची भाषा तर कुणी करूच नये. मुळशीचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला येतं, वीज करतं आणि कुंडलिकेतून कोलाड-रोह्यावरून खाडीला मिळतं. भिऱ्याचं वीजघर १९२७ सालचं. त्या धरणात मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी गेल्या, १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. शंभर वर्षं आपल्या डोंगराच्या पाण्यावर दुसऱ्यांचे दिवे लागले. आपल्या कुडाच्या घरात दिवा पोचला तो कुठे २०१७ च्या सौभाग्य योजनेत, कुठे २०२३ च्या जनमन योजनेत, आणि कुठे अजून पोचायचा आहे. जोडणी फुकट दिली याचे फोटो निघाले. ती टिकवायची सोय कोण करणार?

काय करायचं?

वीज कधी तोडायची आणि कशी जोडायची याचे नियम वीज कायद्याच्या कलम ५० खाली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग करतो. लोकहितासाठी आयोगाला निर्देश द्यायचा अधिकार कलम १०८ खाली राज्य सरकारला आहे. म्हणजे दार कुठे ठोठवायचं ते ठाऊक आहे.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक वाडीने ठराव घ्यावा : १ जून ते ३० सप्टेंबर गरीब घराची वीज थकबाकीसाठी तोडू नये, तोडण्याआधी हंगामाप्रमाणे हप्ते द्यावेत, बंद घराला सरासरी लावू नये, सरासरीच्या युनिटमुळे कुणाचा स्वस्त दर काढू नये, नोटीस कागदी आणि मराठीत द्यावी. ठरावाची एक प्रत रोह्याच्या महावितरण कार्यालयात, एक पेणला, एक तहसीलदारांना, एक आयोगाला. प्रत्येक प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही, हे दाव्यांच्या वेळी आपण शिकलो आहोत.

आणि भट्टीवर निघण्याआधी एवढं करा. मीटरवरचे आकडे लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढा, आणि 'अमुक तारखेपासून घर बंद राहील, सरासरी लावू नये' असा अर्ज देऊन पोच फाईलला लावा. लिहिता येत नसेल त्याचा अर्ज वाडीतल्या शिकलेल्या पोरींनी लिहून द्यावा. एका संध्याकाळी अख्ख्या वाडीचे अर्ज होतील.

जमीन एकेकट्याने मिळाली नाही. दिवाही एकेकट्याने टिकणार नाही.

जिंदाबाद!