आधी फोनमधली झोनबंदी उठवा

दर सहा-आठ महिन्यांनी हापिसात चहाच्या मशीनपाशी एक विषय ठरल्यासारखा निघतो. "आपली स्वतःची मोबाइल ऑपरेटिंग सिस्टिम येतेय म्हणे!" मग अर्धे लोक छाती फुगवतात, अर्धे नाक मुरडतात, आणि कोपऱ्यातला आयफोनवाला नुसताच मंद हसतो. २०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासच्या छायेत वाढलेल्या कंपनीनं 'भारओएस' दाखवली तेव्हा हे झालं. २०२५ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान म्हणाले की ऑपरेटिंग सिस्टिमपासून सायबर सुरक्षेपर्यंत सगळं आपलं असलं पाहिजे, तेव्हा परत झालं. पुढची घोषणा होईल तेव्हाही होणार. चहाचं मशीन तेच, वादही तोच.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची वाट बघणं हा सध्या शुद्ध टाइमपास आहे. सिस्टिम बनवणं अवघड आहे म्हणून नव्हे. ती बनवणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि अँड्रॉइडचा मूळ सोर्स कोड तर उघडाच पडलाय. पण ती बनली तरी तिला जगू द्यायची सोय आपण केलेली नाही. आणि ती सोय गूगलनं नव्हे, आपल्याच बँका, आपलंच सरकार आणि (हो, हो) आपणच अडवून ठेवली आहे.

आता कुठलीही नवी सिस्टिम जोखायची कशी? आपण जोखतो ती हिंजवडीच्या मापानं. अॅनिमेशन किती मऊ आहे, कॅमेरा कसा येतो, बॅटरी किती टिकते. माझं माप वेगळं आहे. सोमेश्वरनगर. बारामती तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या भागात, सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेलं गाव. आमचे बरेच नातेवाईक त्या पट्ट्यात ऊसच करतात. तिथल्या माणसाच्या खिशातला फोन ही चैनीची वस्तू नाही, ते अवजार आहे. उसाचं बिल जमा झाल्याचा मेसेज त्यावर येतो. तोडीची टोळी कधी येणार हे चिटबॉयला आणि मुकादमाला त्यावरूनच विचारायचं. आणि २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणीही त्यावरच. शेतात उभं राहायचं, फोनला जागा सापडू द्यायची, पिकाचा फोटो काढायचा आणि आपल्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद आपणच करायची. ती राहिली तर उद्या पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, सगळीकडे अडचण.

मागे एकदा आमच्या चुलत्यांना सहज विचारलं, "नाना, नवी देशी सिस्टिम आली तर घ्याल का तसला फोन?"

"त्यात पीक पाहणी हुती का?"

"अजून माहीत नाही."

"आन् बँकेचं?"

"ते बँकेवर आहे."

"मग तू घे की आधी. चालला तर सांग."

झालं! जगभरच्या तज्ज्ञांनी शेकडो पानं खर्ची घालून जो निष्कर्ष काढलाय, तो नानांनी तीन वाक्यांत काढला. फोन लोक सिस्टिमसाठी घेत नाहीत, फोनवर होणाऱ्या कामासाठी घेतात.

इतिहास हेच सांगतो. विंडोज फोन आठवतोय? मी आजही म्हणेन की दिसायला आणि चालायला तो त्या काळच्या अँड्रॉइडपेक्षा सरस होता. मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला आणि २०१५ मध्ये त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर खर्ची टाकले. पैसा होता, इंजिनिअर होते, नोकियाचं नाव होतं. नव्हती ती अॅप्स. यूट्यूबचं अॅप तर मायक्रोसॉफ्टनं स्वतः लिहून दिलं, आणि २०१३ मध्ये गूगलनं ते बंद पाडलं. मोझिलाची फायरफॉक्स ओएस २०१४ मध्ये इंटेक्सच्या फोनवर अवघ्या १,९९९ रुपयांत आपल्याकडे आली, आणि २०१५ च्या डिसेंबरात मोझिलानं फोनचा नाद सोडला. सॅमसंगची टायझन २०१५ च्या जानेवारीत 'झेड वन'वर ५,७०० रुपयांत आली. आज सॅमसंगचे स्मार्टफोन अँड्रॉइडवरच चालतात.

यातली खरी शिकवण कायओएसची. फायरफॉक्स ओएसच्याच कोडमधून ती निघाली, आणि २०१७ मध्ये जिओफोनवर बसून १,५०० रुपयांच्या अनामतीवर खेडोपाडी पोचली. बटणांचा फोन, स्वस्त, आणि व्हॉट्सअॅपही २०१८ मध्ये आलं. इतकं सगळं जुळून आलं, तरी पुढे काय झालं? जिओनं २०२१ च्या दिवाळीत 'जिओफोन नेक्स्ट' काढला तो अँड्रॉइडवर बेतलेल्या 'प्रगती ओएस'वर. २०२४ च्या जूनमध्ये कायओएसवर नवं व्हॉट्सअॅप उतरवून घेणं बंद झालं. म्हणजे फोन हातात, सिस्टिम ठणठणीत, पण ज्याच्यासाठी घेतला तेच गायब. दुसऱ्याच्या मर्जीवर उभी असलेली सिस्टिम ही अशी.

मुंबईच्या इंडस ओएसची गोष्टही याच वळणाची. आयआयटी बॉम्बेच्या पोरांनी अँड्रॉइडवर भारतीय भाषांचा चांगला साज चढवला, २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या फोनवर तो आला. शेवटी कंपनी २०२२ मध्ये फोनपेकडे गेली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यातून अॅपचं दुकान उभं राहिलं. सिस्टिम गेली, दुकान राहिलं. पैसा कुठे अडतो ते कळलं ना?

"पण हुआवेनं करून दाखवलं की!" हा पुढचा मुद्दा येतोच. बरोबर. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेनं निर्बंध घातले, नव्या फोनवरच्या गूगलच्या सेवा गेल्या, आणि २०२४ मध्ये त्यांनी अँड्रॉइडच्या कोडशिवायची हार्मनीओएस बाजारात आणली. कौतुक आहेच. पण चीनमध्ये प्ले स्टोअर मुळातच नव्हतं. तिथली बँक, तिथलं पेमेंट, तिथली तिकिटं, काहीच गूगलच्या खुंटीला बांधलेलं नव्हतं. घरमालक बदलणं सोपं होतं, कारण सामान स्वतःचं होतं. आपलं सामान घरमालकाच्या कपाटात आहे आणि किल्लीही त्याच्याच कमरेला!

ही किल्ली म्हणजे काय, ते ऊसवाल्यांच्या भाषेत सांगतो. एकेकाळी आपल्याकडे झोनबंदी होती. तुमचं शेत ज्या कारखान्याच्या झोनमध्ये, त्याच कारखान्याला ऊस घालायचा. शेजारचा चार पैसे जास्त देतो? देऊ दे, तुम्हाला उपयोग नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं त्याविरुद्ध रान उठवलं आणि पुढे ती उठली. दुसरी एक तक्रार अजून चालू आहे, काट्याची. ऊस घेणारा कारखाना, आणि वजनकाटाही कारखान्याचाच. म्हणून बाहेरच्या कुठल्याही काट्यावर वजन करून आणू द्या, अशी मागणी शेतकरी संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत.

फोनमध्ये नेमकं हेच आहे. तुम्ही बँकेचं अॅप उघडता तेव्हा ते गूगलच्या 'प्ले इंटेग्रिटी' नावाच्या सेवेला विचारू शकतं, "हा फोन बरा आहे का?" गूगल सांगतं आहे किंवा नाही. नाही म्हटलं की अनेक अॅप्स तिथेच दार लावतात. आता गंमत बघा. फोन बरा म्हणजे काय, तर गूगलनं प्रमाणित केलेला. तुमची नवी सिस्टिम कितीही सुरक्षित असो, गूगलचा शिक्का नाही म्हणजे वजन शून्य. ऊस घेणारा तोच, काटा त्याचाच, आणि झोनही त्याचीच.

हे मी एकटाच म्हणतोय असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २०२२ च्या ऑक्टोबरात अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकला. ज्या कंपनीला गूगलची अॅप्स हवीत तिनं अँड्रॉइडच्या दुसऱ्या शाखेवरचा फोन विकू नये, असल्या करारांवरही आयोगानं बोट ठेवलं. मग २०२३ च्या मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण दहापैकी चार आदेश रद्द केले. त्यातलाच एक आदेश होता, प्ले सर्व्हिसेसचे एपीआय कोणाला नाकारू नका, हा. टीव्हीवर त्या जानेवारीत भारओएसचा बोलबाला झाला. ती जगेल की मरेल याच्याशी थेट नातं असलेला हा आदेश मार्चमध्ये गेला, तेव्हा चहाच्या मशीनपाशी कोणी चकार शब्द काढला नाही.

आता समोरच्या बाजूचंही ऐकू. बँकवाले म्हणतात, "बाबा रे, लोकांचे पैसे आहेत. कुठलाही छेडछाड केलेला फोन आत घेऊ का?" रास्त आहे. फसवणूक खरी आहे, आणि त्यात कष्टाचे पैसे जातात. पण गूगलचा शिक्का म्हणजेच सुरक्षितता, हे गणित चुकीचं आहे. कित्येक वर्षं सुरक्षेचा अपडेट न मिळालेला प्रमाणित फोनही नेहमीच्या तपासणीतून पार होऊ शकतो, आणि दर महिन्याला अपडेट होणारी स्वतंत्र सिस्टिम बाहेर राहते. शिवाय दुसरा काटा उपलब्ध आहे! अँड्रॉइडमध्येच हार्डवेअरच्या चिपकडून थेट खात्री करून घ्यायची सोय आहे. तीत अॅप बनवणारा स्वतः ठरवू शकतो की कोणकोणत्या सिस्टिमच्या किल्ल्या मान्य करायच्या. ग्राफीनओएसवाल्यांनी ते कसं करायचं हे लिहूनही ठेवलंय. पण त्यासाठी डोकं लावावं लागतं, यादी सांभाळावी लागते. गूगलला विचारणं सोपं. मग स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी आपण काय निवडतो? मी सांगायला नकोच.

आणि दार दिवसेंदिवस जाडच होतंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गूगलनं जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइडवर अॅप टाकायचं तर ते बनवणाऱ्याची ओळख गूगलकडे पटलेली हवी. प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलं तरीही. २०२६ च्या सप्टेंबरपासून चार देशांत आणि नंतर जगभर, असा त्यांचा बेत. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू म्हणाले. म्हणजे आपल्याच शेतातल्या बांधावरून जायला परवानगी, तीही मेहेरबानी म्हणून.

यावर कोणी म्हणेल, आयफोन घ्या. अहो, तिथे तर कारखाना, काटा, झोन आणि शेतही एकाचंच! किंमत तर सोडूनच द्या.

नवी सिस्टिम नकोच, असं माझं म्हणणं नाही. उलट हवीच आहे. हुआवेवर जे आलं ते उद्या आपल्यावर येणारच नाही याची लेखी हमी कोणी देत नाही. पण त्या दिवसाची तयारी म्हणजे व्यासपीठावर फोन उंचावून दाखवणं नव्हे. तयारी म्हणजे सरकारी सेवा साध्या ब्राउझरमध्ये संपूर्ण चालणं. ई-पीक पाहणीला लागतो कॅमेरा आणि जागेचा पत्ता, दोन्ही ब्राउझर देऊ शकतो. तयारी म्हणजे बँकांना नियम घालून देणं, की फोनची खात्री जरूर करा, पण एकाच कंपनीच्या शिक्क्यावर नाही. आणि तयारी म्हणजे सरकारी पैशातून बनलेल्या अॅपला प्ले सर्व्हिसेसशिवाय चालण्याची अट निविदेतच टाकणं. ही तीन कामं करायला ना अब्जावधी लागतात, ना आयआयटी.

हे जमतं का? यूपीआयमध्ये जमलंच की. बँक कुठलीही, अॅप कुठलंही, पैसे पोचतात. (त्यातही दोनच अॅप्सनी बाजार खाल्लाय हे मान्य. पण तिसऱ्याला दार बंद नाही.) त्याहून साधं उदाहरण सोमेश्वरनगरच्या कुठल्याही विहिरीवर बघा. मोटारीला मोबाइल ऑटो बसवलेला असतो. पेटीत एक सिमकार्ड, त्या नंबरला फोन लावायचा, बटण दाबायचं, मोटार चालू. रात्रीच्या लाइटीला उठून बांधावर जायला नको. ती पेटी कधी विचारत नाही की तुझा फोन कुठल्या कंपनीचा, सिस्टिम कोणती. जुन्या नोकियावरून लावा नाहीतर लाखाच्या आयफोनवरून, पाणी तेवढंच पडतं.

आपल्यापैकी कितीतरी जण बँकांची आणि सरकारी खात्यांची हीच अॅप्स लिहून पगार घेतात. त्यामुळे देशी सिस्टिमची वाट बघणाऱ्या मित्रांना एकच विनंती. येत्या सोमवारी हापिसात गेलात की आपल्या अॅपमधली ती एक ओळ शोधा, गूगलला "फोन बरा आहे का" विचारणारी. ती कोणी टाकली, का टाकली, आणि तिच्याऐवजी दुसरा काटा का नाही, हे मीटिंगमध्ये विचारा. उत्तर मिळेलच असं नाही, पण प्रश्न नोंदला तर जाईल. तेवढं केलंत तर पुढच्या घोषणेच्या वेळी खुशाल छाती फुगवा, चहा माझ्याकडून.

असो. तूर्तास इतकंच.