तोट्याची वही सभेपुढे

या जिल्हा मेळाव्याच्या विषयपत्रिकेवर एक विषय आहे : आपल्या कापूस गटाने रुई करून विकण्याचे काम पुन्हा सुरू करायचे की नाही. हा विषय जेवणाच्या सुट्टीआधी घ्यावा, म्हणजे चर्चा फार लांबणार नाही, असे काही जाणत्या मंडळींनी सुचवले होते. आम्ही ते ऐकले नाही. गटाला तोटा झाला आहे, तो सभासदांच्या पैशातला आहे, आणि गट उभा करा असे गावोगाव सांगत फिरणारे आम्हीच होतो. तेव्हा वहीही आम्हीच उघडली पाहिजे.

आमचे सांगणे चुकीचे नव्हते. शेतकरी कापूस विकतो, व्यापारी मात्र रुई आणि सरकी विकत घेत असतो. हिशेबासाठी धरून चाला, रुई दीडशे रुपये किलो आणि सरकी तेहतीस रुपये किलो. एका क्विंटल कापसातून ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघाली, दोन किलो घट गेली, तर माल झाला ७,२१२ रुपयांचा. तोच उतारा ३६ चा पडला तर ७,४४६ रुपयांचा. फरक २३४ रुपयांचा. व्यापाऱ्याचा माणूस ट्रॉलीत हात घालतो, मूठभर कापूस ओढून पाहतो, सरकी दाताखाली धरतो, तो हा फरक शोधत असतो. आपण तेवढ्या वेळात त्याला चहा पाजतो. कृषी महाविद्यालयात आम्हाला एकरी क्विंटल मोजायला शिकवले, उतारा मोजायला कोणी फारसे शिकवले नाही. तो आम्ही जिनिंगच्या दारात उभे राहून शिकलो, आणि तोही उशिराच.

मग बिघडले कुठे?

पहिल्या वेचणीच्या ट्रॉल्या आल्या तेव्हाच बिघडले. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे दव असताना वेचलेला कापूस वेचणारणीलाही परवडतो आणि वजन वाढते म्हणून मालकालाही. सीसीआयच्या केंद्रावर आठ टक्क्यांच्या वर ओलावा असला की कपात आणि बाराच्या वर गेला की माल परत, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. आमच्या काट्यावर मात्र आपलाच माणूस, आपलाच गट. ओलावा मापायचे यंत्र गटाने विकत घेतले होते, ते खोक्यातच राहिले. आठ टक्क्यांऐवजी चौदा टक्के ओलाव्याचा कापूस घेतला म्हणजे क्विंटलमागे सहा किलो पाणी घेतले. सात हजारांच्या भावाने ते ४२० रुपयांचे पाणी झाले. वर जो २३४ रुपयांचा फरक दाखवला, तो यात सहज बुडू शकतो.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त जड जाते. आम्ही सगळ्यांना एकच भाव दिला. समता म्हणून दिला, भांडण नको म्हणूनही दिला. त्यावर सभासदांनी काय केले? कोरडा, पांढरा, लांब धाग्याचा कापूस दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला पन्नास रुपये जास्त घेऊन दिला आणि फरदड, कवडी गटाच्या काट्यावर आणली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चांगल्या मालाला आणि वाईट मालाला एकच भाव असेल तर चांगला माल निघून जातो आणि वाईट येऊन बसतो. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीबद्दल आम्ही किती बोललो! राज्याबाहेर कापूस नेण्यावरची बंदी, प्रतवारीचा घोळ, चुकाऱ्याला होणारा उशीर, आणि तोटा शेवटी सरकारी तिजोरीवर. आमच्या गटाचे काम लहान प्रमाणात तसेच चालले. फरक एवढाच की आमच्या मागे तिजोरी नव्हती.

तिसरी चूक गाठींची. गाठी तयार होत्या, गिऱ्हाईक होते, पण भाव चढणार असे आमच्यातल्या बहुतेकांचे मत पडले. भाव चढणार हे सांगणारे कायम सापडतात आणि त्यांना त्याचे व्याज भरावे लागत नाही. क्विंटलमागे सात हजार रुपये गुंतलेले, व्याज शेकडा बारा धरा, म्हणजे महिन्याला सत्तर रुपये. चार महिन्यांत २८० रुपये गेले, आणि वर गोदामाचे भाडे व विमा. कापसाचा भाव आपल्या तालुक्यात ठरत नाही, दिल्लीतल्या एका अधिसूचनेनेही तो हलतो. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा हंगाम तोंडावर असताना केंद्राने कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क काढले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अशा निर्णयाविरुद्ध रस्त्यावर उतरलेच पाहिजे. पण रस्त्यावर उतरणे हे एक काम आहे आणि तयार गाठ विकून व्याज थांबवणे हे दुसरे. एका कामातला ताव दुसऱ्या कामात नेला की काय होते ते वहीत दिसते आहे.

आणि दिवाणजी. गटाचा हिशेब लिहिणाऱ्या मुलाला आम्ही पगार दिला नाही. चळवळीचा कार्यकर्ता आहे, करेल, असे म्हटले. हमीभाव काढताना सरकार जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरत नाही, म्हणून आम्ही वर्षानुवर्षे आकडेवारी मांडत आलो. घरातल्या माणसांच्या घामाचे दाम खर्चात लागले पाहिजेत, हे तर आमचे पहिले वाक्य. आमच्याच दुकानात मात्र घरचा घाम फुकट. पुढे त्या मुलाला शहरात नोकरी लागली, आणि दोन महिन्यांच्या पावत्या अजून जुळलेल्या नाहीत.

ज्वारीवाल्या भावांनी हे कापूसवाल्यांचे रडगाणे म्हणून सोडू नये. ज्वारीचा हिशेब नुसत्या दाण्यावर मांडला तर ती दरसाल तोट्यातच दिसते. ज्यांनी कडब्याच्या पेंढ्या मोजून लिहिल्या, त्यांना रब्बी ज्वारी कशाच्या बळावर टिकली आहे ते कळले. ज्यांनी लिहिल्या नाहीत त्यांनी ज्वारी मोडून हरभरा केला. त्यात काहींचे बरे झाले, काहींची जनावरे विकली गेली.

गट बंद करावा असे आमचे मत नाही. पण पुन्हा सुरू करायचा असेल तर तो अटींवर. काट्यावर माल येताच ओलावा मोजायचा आणि सभासदाच्या देखत पावतीवर लिहायचा, मग तो अध्यक्षाचा मेव्हणा का असेना. पोहोचताच तीन चतुर्थांश पैसे आणि बाकीचे उताऱ्याप्रमाणे. त्यासाठी प्रत्येक गावाचा ढीग जिनिंगमध्ये वेगळा चालवावा लागेल. जिनिंगवाले कुरकुर करतील, करू द्यावी. गाठी झाल्यापासून किती दिवसांत विकायच्या ते आजच ठरवायचे, बाजार पाहून नंतर नव्हे. खताच्या रिकाम्या पोत्यांत वेचलेला कापूस घ्यायचा नाही, त्या पोत्यांचे प्लास्टिकचे धागे रुईत उतरतात आणि गाठीचा भाव पाडतात. हे मायबहिणींनी मनावर घेतले तरच होईल, म्हणून काट्याच्या समितीवर निम्म्या जागा वेचणी करणाऱ्या बायांना द्याव्यात असा आमचा आग्रह आहे. फरदड कोणती आणि पहिल्या वेचणीचा कापूस कोणता हे त्यांना ट्रॉली उघडायच्या आधी कळते.

यातली एकही अट नको असेल तर सभेने तसे उघड सांगावे. मग आम्ही उरलेले पैसे वाटून देऊ आणि पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात उभे राहून त्याच्याशी भांडू. ते काम आम्हाला येते.

वही दुपारच्या सत्रात पहिल्या पानापासून मोठ्याने वाचली जाईल. ज्यांनी गटाला माल घातला त्यांनी आपापल्या पावत्या घेऊन याव्यात आणि आकडा चुकला असेल तिथे उभे राहून सांगावे. बहुतेक पावत्यांवर ओलाव्याचा रकाना कोरा आहे. आमच्या स्वतःच्या पावतीवरही तो कोराच आहे.