एक दिवस कमी

१७१ दिवस. २०१५च्या मोसमात क्रिस ब्रायंट शिकागो कब्सच्या मुख्य संघात होता ते एवढे. १७२ भरले असते तर त्याच्या खात्यात सेवेचं एक पूर्ण वर्ष जमा झालं असतं. एका दिवसाने राहिलं. आणि त्या एका दिवसामुळे त्याला हवा तो संघ निवडण्याचं स्वातंत्र्य एक अख्खं वर्ष उशिरा मिळालं.

बेसबॉल आपल्यापैकी फार कमी जण पाहतात, म्हणून आधी थोडा हिशेब. अमेरिकेत मेजर लीगचे ३० संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगचे संघ असतात, पायऱ्या पायऱ्यांचे; सगळ्यांत वरची पायरी ट्रिपल-ए, तिच्या खाली डबल-ए. अमेरिकेतला पोरगा ड्राफ्टमधून येतो, म्हणजे कुठल्या संघात जायचं हे तो ठरवत नाही, संघ ठरवतो. मुख्य संघात पोचल्यावर सेवेची ६ वर्षं भरेपर्यंत तो त्याच संघाचा. पहिली साधारण ३ वर्षं किमान पगाराच्या आसपास, मग लवादाच्या धाकाने वाढणारा पगार, आणि ६ वर्षं झाली की फ्री एजंट. आता गंमत बघा. २०१५मध्ये मोसम होता १८३ दिवसांचा आणि वर्ष धरलं जातं १७२ दिवसांचं. म्हणजे एप्रिलमध्ये पोराला फक्त १२ दिवस खाली बसवून ठेवलं की ६ वर्षांची जवळजवळ ७ व्हायची.

यासाठी कुठलाही नियम मोडावा लागत नाही. फक्त खोटं बोलावं लागतं.

ब्रायंट तिसऱ्या बेसवर खेळायचा. २०१३च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला. २०१४मध्ये डबल-ए आणि ट्रिपल-ए मिळून त्याने ४३ होमरन मारले. २०१५च्या मार्चमधल्या सराव सामन्यांत ९ होमरन, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक. त्याला आता आणखी काय शिकवायचं उरलं होतं? कब्सचं उत्तर होतं: क्षेत्ररक्षण. तिसऱ्या बेसवरचं त्याचं काम अजून कच्चं आहे, ते पक्कं व्हायला हवं. म्हणून त्याला आयोवातल्या ट्रिपल-ए संघात पाठवलं. १७ एप्रिलला वर बोलावलं. कब्सचे तोवर ८ सामने झाले होते.

१७ एप्रिल ते ४ ऑक्टोबर, कॅलेंडर घेऊन मोजा. १७१ भरतात.

जे क्षेत्ररक्षण मार्चअखेर मेजर लीगच्या लायकीचं नव्हतं, ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लायकीचं झालं. संघाने कारण दिलं की दरम्यान दुसरे खेळाडू जखमी झाले. झाले होते, ते खरं. पण ब्रायंट त्यांच्यापेक्षा सरस आहे हे त्यांना दुखापत होण्याआधीही सगळ्यांना दिसत होतं. त्या वर्षी तो एकमताने सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी नॅशनल लीगचा एमव्हीपी. १९०८नंतर पहिल्यांदा कब्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा शेवटचा चेंडू तिसऱ्या बेसच्या बाजूने आला होता. तो उचलून पहिल्या बेसवर फेकणारा माणूस म्हणजे हाच, ज्याचं क्षेत्ररक्षण कच्चं होतं. युनियनने तक्रार केली होती. तिचा निकाल यायला २०२० उजाडलं, आणि तो ब्रायंटच्या विरोधात गेला.

लवादाने काय म्हणायचं ते म्हटलं. माझं भांडण लवादाशी नाही, प्रेक्षकांशी आहे.

कारण ब्रायंटची गोष्ट सांगितली की दहातले सात चाहते म्हणतात, ‘मी मॅनेजर असतो तर मीही हेच केलं असतं. एप्रिलमधले ८ सामने देऊन ऐन उमेदीतलं अख्खं वर्ष मिळतंय, नाही कोण म्हणेल?’ आवडत्या इन्फिल्डरला कधी वर आणायचं यावर वाद घालताना पोरंपोरी सर्रास ‘कंट्रोल’चं एक वर्ष वाचवण्याची भाषा करतात. कुणाचं कंट्रोल? तिकीट तुम्ही काढता. जर्सी तुम्ही घेता. एप्रिलच्या थंडीत स्टेडियममध्ये तुम्ही बसता आणि तुमच्यासमोर मुद्दाम दुय्यम संघ उतरवला जातो. त्यातून वाचलेला पैसा तुमच्या खिशात येत नाही, तिकीटही स्वस्त होत नाही. तरी तुम्ही मालकाच्या मुनीमजीसारखे खुश! फँटसी लीग खेळून खेळून आपण सगळेच थोडे मुनीमजी झालोय असं मला वाटतं. खेळाडू म्हणजे शेअर, स्वस्तात घ्यायचा, धरून ठेवायचा.

तरी या हिशेबाला हिशेबानेच उत्तर देऊ. कब्सने मिळवलेलं ते जादा वर्ष म्हणजे २०२१. त्याचं त्यांनी काय केलं? जुलैअखेर ब्रायंटला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे देऊन टाकलं आणि बदल्यात मायनर लीगमधली दोन पोरं घेतली. ६ वर्षांपूर्वी एवढा आटापिटा करून वाचवलेलं वर्ष जेमतेम ४ महिने वापरलं.

यावर कुणी म्हणेल, ब्रायंटचं नुकसान कुठे झालं? २०२० हे त्याचं सगळ्यांत वाईट वर्ष, सरासरी .२०६, त्यात कोविडमुळे मोसम छोटा. त्या हिवाळ्यात तो बाजारात आला असता तर भाव पडला असता. वर्षभराने आला आणि कोलोराडो रॉकीजने ७ वर्षांसाठी १८.२ कोटी डॉलर दिले. आकडे खरे आहेत. पण याला नशीब म्हणतात. तुमचा पगार सहा महिने अडवून ठेवला आणि योगायोगाने तेवढ्यात सोनं स्वस्त झालं, म्हणून अडवणाऱ्याचे आभार मानाल का? आणि त्यानंतर दुखापतींनी ब्रायंटला मैदानाबाहेरच बसवलंय. खेळाडूचं शरीर किती कमी काळ साथ देतं ते त्याच्याकडे बघून कळतं. त्या थोडक्या काळातलं एक वर्ष, आणि ते कुणाच्या मालकीचं यावर हा सगळा वाद.

आपल्याकडचा वाचक इथे अमोल मुझुमदारचं नाव काढणार. रणजी पदार्पणात २६०, पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, आणि भारताची टोपी एकदाही नाही. ती हळहळ रास्तच आहे. पण मुझुमदारच्या वाटेत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण उभे होते. जागा भरलेली होती. ब्रायंटची जागा रिकामी होती, आणि ती १२ दिवस रिकामी राहावी म्हणून तारीख बघितली जात होती.

‘अजून तयार नाही’ हे कारण किती लवचीक असतं ते बघायचं तर २०१९चा वसंत बघा. त्या वर्षी दोन इन्फिल्डर दारात उभे होते. दोघे १९९९मध्ये जन्मलेले, दोघांचे वडील मेजर लीगमध्ये खेळलेले. टोरांटोच्या व्लादिमीर गरेरो ज्युनियरने आदल्या वर्षी मायनर लीगमध्ये .३८१च्या सरासरीने धुलाई केली होती. एकोणिसाव्या वर्षी! तरी त्याला २०१८मध्ये वर आणलं नाही. कारण? तिसऱ्या बेसवरचं क्षेत्ररक्षण. मग २०१९च्या मार्चमध्ये पोटाचा स्नायू दुखावला, ते खरंखुरं कारण होतं, आणि पदार्पण एप्रिलच्या शेवटी झालं. तो मोसम तिसऱ्या बेसवर काढल्यावर पुढच्याच वर्षी संघाने त्याला तिथून उचलून पहिल्या बेसवर नेलं. ज्या विषयात कच्चा म्हणून नापास केलं, तो विषयच अभ्यासक्रमातून गेला.

दुसरा, सॅन डिएगोचा फर्नांडो टाटिस ज्युनियर. (हे आडनाव बघून आपल्याकडे प्रत्येकाला एकच विनोद सुचतो, तो इथे नको.) शॉर्टस्टॉप. आदल्या वर्षी डबल-एमध्ये ८८ सामने खेळलेला, ट्रिपल-एमध्ये एकही नाही. नेहमीच्या रीतीने त्याला एप्रिलभर खाली ठेवणं अगदी सोपं होतं, कुणी बोट दाखवलं नसतं. पाड्रेसने त्याला मोसमाच्या पहिल्या दिवशी मैदानात उतरवलं. ८४ सामन्यांत .३१७ आणि २२ होमरन. दोन वर्षांनी १४ वर्षांचा करार, ३४ कोटी डॉलरचा. आता सांगा, एप्रिलमध्ये त्याला खेळवून सॅन डिएगोने नक्की काय गमावलं?

पण वर आणणं एवढ्यावर जबाबदारी संपत नाही, आणि खेळाडूच्या बाजूने बोलणारे इथे गप्प बसतात. इन्फिल्डर म्हणजे बांधकामावरची फळी नव्हे, जिथे भोक पडेल तिथे ठोकली. फिलाडेल्फियाने २०१८मध्ये स्कॉट किंगरीला मेजर लीगचा एकही सामना खेळण्याआधी ६ वर्षांचा, २.४ कोटी डॉलरचा करार दिला. उदार निर्णय, पहिल्या दिवसापासून संघात. पण किंगरी मुळात दुसऱ्या बेसचा माणूस. त्याला त्यांनी बहुतेक वेळ शॉर्टस्टॉपला लावलं, मध्ये मध्ये इकडे तिकडे फिरवलं. सरासरी .२२६. पुढे तो कधी स्थिरावलाच नाही. जागेची अदलाबदल हेच एकमेव कारण असं मी म्हणणार नाही, मेजर लीगचे पिचर कुणालाही लोळवतात. पण बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला ताशी १५५ किलोमीटरचा चेंडू वाचायला शिकायचंय आणि त्याच वेळी रोज नवीन कोनातून येणारा चेंडू अडवायलाही, हा कुठला न्याय? लोक लगेच बेन झोब्रिस्टचं उदाहरण देतात. तो सगळीकडे खेळायचा, २०१६च्या वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपीही ठरला. बरोबर. पण झोब्रिस्टचा जम बसला तेव्हा तो तिशीकडे आलेला होता.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पोरगा तयार असेल तर पहिल्या सामन्यापासून, त्याच्या एकाच जागेवर, रोज. वाईट महिना गेला तरी रोज. ब्रायंट पहिल्या सामन्यात ४ वेळा बॅटिंगला आला, ३ वेळा स्ट्राइकआउट झाला. दुसऱ्या दिवशी तोच तिसऱ्या बेसवर होता. तेवढं मात्र कब्सने बरोबर केलं.

तयार नसेल तर? तर खाली ठेवा आणि खरं सांगा. खरंच तयार नसलेले असतात, बहुतेक सगळे तसेच असतात. त्यांच्यासाठीच हे खोटं जास्त घातक, कारण मग कुठल्याच कारणावर विश्वास बसत नाही. आणि खाली राहणं म्हणजे काय हेही विसरू नका. ब्रायंटला करार करतानाच ६७ लाख डॉलरचा बोनस मिळाला होता, त्याची चूल आयोवातही पेटली असती. २०२३मध्ये मायनर लीगवाल्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्याआधी डबल-एचा किमान वार्षिक पगार होता १३,८०० डॉलर. अमेरिकेत! २०१८मध्ये तर तिथल्या संसदेने कायदा करून या पोरांना किमान वेतनाच्या आणि ओव्हरटाइमच्या नियमांतूनच मोठ्या प्रमाणात वगळलं. अशा पगारावर दोन-चार वर्षं काढलेल्या पोरासाठी मेजर लीगचा एकेक दिवस किती रुपयांचा, हे मुनीमजी मोजत नाहीत.

२०२२च्या करारात मालक आणि युनियनने थोडी मलमपट्टी केली. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलात तर दिवस कमी असले तरी पूर्ण वर्ष मिळतं; अ‍ॅडली रचमन हा बाल्टिमोरचा कॅचर मे महिन्यात येऊनही दुसरा आला आणि त्याला ते मिळालं. नावाजलेल्या पोराला सुरुवातीपासून खेळवलं आणि तो चमकला तर संघाला ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. म्हणजे खोटं न बोलण्याबद्दल बक्षीस! शिवाय हे सगळं पहिल्या रांगेतल्या मूठभरांसाठी. साधा, बरा, पाचव्या-सहाव्या नंबरवर बॅटिंग करणारा दुसऱ्या बेसचा पोरगा आजही थोडे दिवस खाली बसवता येतो आणि त्याच्यासाठी कुणी हेडलाइन करणार नाही.

सध्याचा करार डिसेंबर २०२६पर्यंतचा आहे. पुढच्या करारात युनियनने दिवस मोजणंच बंद करायला लावावं. स्वातंत्र्य वयाला बांधा. समजा, २९व्या वर्षी प्रत्येक खेळाडू मोकळा, तो वर केव्हाही आलेला असो. मग एप्रिलमध्ये त्याला खाली ठेवून मालकाला काहीच मिळत नाही. उलट प्रत्येक वाया घालवलेला सामना त्याच्याच मुदतीतून जातो. त्या वर्षी बघा तिसऱ्या बेसवरच्या पोरांचं क्षेत्ररक्षण मार्च संपायच्या आत कसं झटकन सुधारतं ते.