संगणकाच्या आधी पेन्सिल

२००८ सालचा जून महिना. बी.ए.ची परीक्षा देऊन सांगलीहून पुण्याला आलेली एक मुलगी वेब डिझाइन आणि अ‍ॅनिमेशनच्या वर्गात पहिल्या दिवशी जाऊन बसली, तेव्हा तिच्यासमोर संगणक नव्हता. कोऱ्या कागदांचा गठ्ठा, पेन्सिल, खोडरबर आणि खालून दिवा लावलेली काच, एवढेच साहित्य मेजावर होते. वर्गाच्या शुल्कासाठी तिच्या वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढले होते. वर्षभरात नोकरी लागेल आणि हप्ते फिटतील, असा घरचा साधा हिशेब होता. अशा वेळी शिकवायला आलेल्या वयोवृद्ध चित्रकाराने फळ्यावर एक रेघ ओढली आणि सांगितले, "ही जमीन. हिच्यावर वरून चेंडू पडतो आणि उसळतो. तो काढून दाखवा."

वर्गात हशा पिकला. पहिल्या दिवसाचा चेंडू दुसऱ्या दिवशीही संपला नाही, तेव्हा मात्र हशाची जागा कुरबुरीने घेतली.

चेंडूतील विद्या

वास्तविक त्या चेंडूत या विद्येचे सारे मर्म होते. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी सेकंदाला बारा चित्रे काढावी लागतात. वर असताना चेंडूचा वेग कमी, म्हणून तेथील चित्रे दाटीवाटीने यायची. खाली येताना वेग वाढतो, म्हणून दोन चित्रांतील अंतरही वाढत जायचे. जमिनीला टेकताना तो चपटा होतो; पण उंचीत जेवढे गमावले, तेवढे रुंदीत मिळालेच पाहिजे, नाहीतर चेंडू आकसल्यासारखा किंवा फुगल्यासारखा दिसतो. प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा ठेंगणी. रबराचा चेंडू आणि लोखंडाचा गोळा, दोन्हींचे वर्तुळ कागदावर सारखेच. त्यांचे वजन कळते ते केवळ दोन चित्रांमधील अंतरावरून. निरीक्षणाशिवाय हे अंतर कोणालाही साधत नाही.

सर प्रत्येक कागदावर तांबड्या पेन्सिलीने खुणा करीत आणि कागद परत देत. असे तीन आठवडे गेले. मग विद्यार्थ्यांनी एक अर्ज लिहिला. 'आम्ही संगणकाचे पैसे भरले आहेत, चित्रकलेचे नव्हे,' असा त्याचा आशय होता. काही पालकांनीही कार्यालयात येऊन हेच सांगितले. सांगलीच्या त्या मुलीनेही अर्जावर सही केली. चालकांनी ग्राहकाचे म्हणणे ऐकले; कागदाचे तास बंद झाले आणि 'फ्लॅश' सुरू झाले. सर पुन्हा वर्गात दिसले नाहीत.

त्यानंतरचे महिने आनंदाचे होते, यात शंका नाही. पहिली चौकट आणि शेवटची चौकट दिली की मधली चित्रे संगणक आपणच भरी. अक्षरे नाचत, फुलपाखरे उडत. चेंडू मात्र वरपासून खालपर्यंत एकाच चालीने घसरे, जणू दोरीवरून सोडलेला मणी. तिच्या डोळ्यांना ते खटकत होते. तीन आठवड्यांच्या शिक्षणाने एवढे तरी झाले होते. पण परीक्षेत त्याचे गुण कोणी कापले नाहीत.

मराठीचे काय झाले?

वेब डिझाइनची कथा याहून वेगळी नव्हती. पान कसे दिसावे, एवढेच शिकवले गेले. ते कोणी वाचावे, याचा विचार अभ्यासक्रमात नव्हता. मराठी मजकुराचा प्रश्न आला, तेव्हा तोडगा सांगण्यात आला की, मजकुराचे चित्र करा आणि चिकटवा. कारण त्या काळी प्रचलित असलेल्या अनेक टंकांत लिहिलेले मराठी दुसऱ्याच्या संगणकावर रोमन चिन्हांचा निरर्थक कचरा होऊन उमटे. चित्र चिकटवल्याने अक्षर दिसू लागले. पण त्यातला शब्द शोधयंत्राला सापडेना आणि अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीलाही तो वाचता येईना.

यावरचा खरा उपाय तेव्हाही उपलब्ध होता. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर मान्य असा क्रमांक मिळालेला होता. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा देवनागरी टंक घडवणारे र. कृ. जोशी हे सुलेखनकार होते. बोरू आणि कुंचल्याने अक्षराचा घाट हाताला वळण पडेपर्यंत गिरवलेल्या माणसाने ते अक्षर संगणकाला दिले. पुण्यातल्या त्या वर्गात ना युनिकोडचे नाव निघाले, ना जोशींचे. एका दिवाळी अंकाच्या संकेतस्थळाचे काम हाती आले, तेव्हा त्या मुलीला हे सारे नव्याने शिकावे लागले.

आज्ञावली संपते तेव्हा

'फ्लॅश'चे पुढे काय झाले, हे सर्वज्ञात आहे. ते बनवणारी मॅक्रोमीडिया कंपनी २००५ मध्ये अडोबीने विकत घेतली होती. आयफोनवर फ्लॅशला कधीच जागा मिळाली नाही आणि एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून ती का देणार नाही, हेही सांगितले. २०१७ मध्ये अडोबीने फ्लॅश प्लेअरच्या निवृत्तीची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचे पाठबळ संपले आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात चालणारा मजकूरच अडवला जाऊ लागला. कर्ज काढून शिकलेली विद्या बारा वर्षांत कालबाह्य झाली. वर्गाच्या शेवटी मिळालेल्या तबकडीतील तिची कामे आज कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. उरले आहेत ते तांबड्या खुणा असलेले चेंडूचे कागद.

यात दोष कोणाचा? क्लासवाल्यांना बोल लावणे सोपे आहे. परंतु त्यांनी तर योग्य गुरू आणून बसवला होता. त्याला घालवले ते विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या उतावीळपणाने. आपण साधनालाच विद्या समजलो, ही खरी चूक.

या देशात चलत्‌चित्राचा पाया घालणाऱ्या दादासाहेब फाळके यांचे उदाहरण येथे आठवावे. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचा हात व डोळा तयार झाला होता. छायाचित्रण आणि मुद्रण त्यांनी पोटापाण्यासाठी केले होते. १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि अल्प मुक्कामात चित्रपटाचे तंत्र आत्मसात करून, यंत्रसामग्रीची मागणी नोंदवून परतले. यंत्र शिकायला काही दिवस पुरले, कारण त्यामागे वर्षानुवर्षांची साधना होती. परतल्यावर त्यांनी प्रथम कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपली. रोज थोडे थोडे वाढणारे रोप पडद्यावर क्षणात डोलू लागले. चेंडूच्या कागदामागचे तत्त्व तेच आहे.

आज प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. एक वाक्य लिहिताच हलते चित्र तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने घरोघरी पोहोचली आहेत. मधली चित्रे भरण्याचेच नव्हे, पहिले चित्र काढण्याचे कामही यंत्र करू लागले आहे. मग माणसाकडे उरते काय? यंत्राने दिलेली चाल चुकली आहे, हे ओळखणारी दृष्टी उरते. ती ज्याच्याकडे नसेल, त्याला यंत्र जे देईल ते गोड मानून घ्यावे लागेल. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या क्षेत्रासाठी कार्यदल नेमण्याची घोषणा झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. हे स्वागतार्हच आहे. मात्र अशा केंद्रांपर्यंत पोहोचणारी मुले गल्लीतल्या वर्गांतूनच येणार आणि त्या वर्गांचा दर्जा शुल्क भरणारे पालक ठरवणार.

म्हणून प्रवेश घेताना किती सॉफ्टवेअर शिकवता, एवढेच विचारून थांबू नये. चित्र कोण शिकवणार, किती तास शिकवणार, पानाची मूळ संहिता मुलगा स्वतः लिहिणार की नाही, मराठीतले एक पान युनिकोडमध्ये तयार करून दाखवणार की नाही, हे विचारावे. वर्षअखेरीस प्रमाणपत्राइतकीच त्याची रेखाटनवही पाहावी.

ती मुलगी आज सांगलीत स्वतः वर्ग घेते. पहिल्या दिवशी मुलांपुढे कागद आणि पेन्सिल ठेवते. दरवर्षी कोणी ना कोणी पालक येऊन विचारतात, "बाई, संगणक केव्हा सुरू करणार?" तेव्हा ती आपल्याजवळचा जुना, तांबड्या खुणांचा कागद त्यांच्यापुढे ठेवते आणि आपणही एके काळी एका अर्जावर सही केली होती, हे सांगते. काही पालक तरीही मुलाला काढून नेतात. जे थांबतात, त्यांच्या मुलांचा चेंडू महिनाभरात उसळू लागतो.