‘सोडून आलो’ म्हणजे नक्की काय केलं?

बीड जिल्ह्यात मांजर मारायला लोक घाबरतात. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आजीनं सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. सोन्याचा आजचा भाव बघता ही भीती रास्तच म्हणायची. म्हणून इथे मांजर मारत नाहीत. पोत्यात घालतात, तोंड सुतळीनं बांधतात, गाडीवर पुढे ठेवतात आणि मांजरसुंब्याच्या घाटात, नाहीतर नदीपलीकडच्या उसात मोकळं करतात. नंतर कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘सोडून आलो.’ जणू पोराला होस्टेलवर सोडलं, पाहुण्याला स्टँडवर सोडलं.

पिल्लं सोडण्याबद्दल पुष्कळ बोलून झालंय. मला म्हाताऱ्या मांजरांबद्दल बोलायचंय. दहा-बारा वर्षं घरात राहिलेलं, पोरांच्या दप्तरावर झोपलेलं, कुटुंबाच्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात असलेलं मांजर. ते एक दिवस आपल्या टबात जायचं बंद करतं. दिवाणाखाली, पायपुसण्यावर, कधी थेट गादीवर शू करतं. मग चार दिवस ओरडा, पाचव्या दिवशी मान धरून नाक त्यात घासणं आणि महिनाभरात पोतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा आजार आहे, आणि आपण आजाराला घराबाहेर काढण्याची शिक्षा देतो.

पण आजार म्हणायला कुणी तयार नसतं. ‘मुद्दाम करायली. परवा मी ओरडले ना, त्याचा राग काढायली.’ हे वाक्य मी बीडमध्ये, अंबाजोगाईत, गेवराईत ऐकलंय; बोलणारी माणसं शिकलेली, प्रेमळ, त्या मांजरीसाठी रोज पावशेर दूध घेणारी. सूड ही आपली फार आवडती गोष्ट आहे. डिसेंबर 2021 आठवा. माजलगाव तालुक्यातल्या लवूळमध्ये वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि घरांच्या छपरांवर नेत होती, आणि पिल्लं मरत होती. बातमी काय झाली? कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून वानरांनी सूड घेतला आणि अडीचशे कुत्री मारली. जगभरच्या माध्यमांत बीड झळकलं, मीम निघाले, तुमच्यातल्या कित्येकांनी ते फॉरवर्डही केले असतील. शेवटी नागपूरहून वनविभागाचं पथक आलं आणि पकडली किती, तर दोन वानरं. उंचावर नेऊन ठेवलेल्या पिल्लाला खाली उतरता येत नाही, तिथे त्याला आईचं दूध मिळत नाही, ते भुकेनं किंवा पडून मरतं. हे समजायला सुडाची गरजच नाही. पण सुडाशिवाय गोष्ट व्हायरल होत नाही, तिथेही आणि आपल्या दिवाणाखालीही.

मांजराला राग येतो, भीती वाटते, ताण येतो. घरात नवं बाळ आलं, दुसरं मांजर आणलं, बांधकाम काढलं, तर ते बिथरून जागा बदलू शकतं. पण ‘हिची गादी खराब करतो म्हणजे हिला कळेल’ असा बेत मांजर करत नाही. आणि दहा वर्षं नेमानं टबात जाणारं मांजर अचानक जायचं थांबलं तर पहिला संशय त्याच्या स्वभावावर नाही, शरीरावर घ्यायचा असतो.

त्या शरीरात काय काय चाललेलं असू शकतं? म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत जातात. ही त्यांच्यातली सर्रास आढळणारी गोष्ट. मग ते जास्त पाणी पितं, जास्त शू करतं, आणि पूर्वी दिवसभर पुरणारा टब दुपारपर्यंत भरतो. भरलेल्या टबात मांजर पाय ठेवत नाही. तुम्ही तरी ठेवाल का? मधुमेहातही असंच होतं. मूत्रमार्गात जळजळ असेल तर टबात बसलं की दुखतं, आणि मांजर दुखण्याचा संबंध टबाशी जोडतं. त्याच्या हिशेबानं टबच चावतो, म्हणून ते मऊ गादी शोधतं. शिवाय माणसासारखंच वयानं डोकंही विसरायला लागतं. रात्री उगाच ओरडत फिरणारी म्हातारी मांजरं तुम्ही पाहिली असतील.

सांध्यांचं मात्र थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण तिथे उपाय आपल्या हातात असतो आणि तरी तो कुणी करत नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले होते. त्यातल्या 90 मांजरांच्या हाडा-सांध्यांत झीज दिसली. शंभरात नव्वद! मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. फक्त उडी मारायचं कमी करतं, आणि आपण म्हणतो, ‘आता शहाणी झाली.’ आमच्या शेजारच्या एका घरात तेरा वर्षांची मनी होती. तिचा टब गच्चीवर. टबाची कड चांगली वीतभर उंच. ती जिना चढून जायची, पुढचा एक पंजा कडेवर ठेवायची, काढून घ्यायची, आणि खाली येऊन पायपुसण्यावर बसायची. घरातल्यांनी हे पंधरा दिवस डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला ‘माज’ असं नाव दिलं. शेवटी त्यांच्या कॉलेजातल्या पोरानं टब खाली आणला, गॅसवर सुरी तापवून त्याची एक बाजू चार बोटं उंचीपर्यंत कापून टाकली आणि आत बारीक वाळू भरली. तिसऱ्या दिवशी मनी टबात. एक रुपया खर्च नाही. पोतं मात्र तोवर धुऊन, वाळवून, जिन्याखाली घडी करून ठेवलेलं होतं.

बोक्यांच्या बाबतीत तर एवढा वेळही नसतो. बोका वारंवार बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाहीये, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि तो दोन-तीन दिवसांत मरू शकतो. तेव्हा रात्र आहे, रविवार आहे असं काही नसतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि कृपा करून त्याला घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. आपल्याकडे ताप, अंगदुखी, नवस, सगळ्यावर तीच गोळी चालते, पण मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही. एका गोळीनं मांजर मरतं.

फिनाइलचंही असंच. शहाबादी फरशीच्या सांध्यांत शू मुरते, वास जात नाही, म्हणून लोक फिनाइल ओततात. मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं. ते त्याच्यासाठी विष आहे. अमोनियाच्या वासाचं क्लीनर वापरलं तर मांजराला तिथे आधीच कुणीतरी करून गेल्यासारखं वाटतं. एन्झाइमवालं क्लीनर ऑनलाइन मिळतं, ते वापरा. एका मांजराला दोन टब ठेवा, आणि रोज निदान एकदा वरची घाण काढा. बीडमध्ये उन्हाळ्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे इथल्या वाचकाला सांगायला नको, त्यामुळे ‘टब रोज धुवा’ असला पुणेरी सल्ला मी देणार नाही. पण घाण उपसायला आणि वाळू बदलायला पाणी लागत नाही.

खरं तर हा टबच नवा आहे. पिशवीतून विकली जाणारी मातीची ‘किटी लिटर’ 1947 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एडवर्ड लो नावाच्या माणसानं काढली. आपल्याकडे मांजराला अंगणातली माती होती, उकिरडा होता, चुलीची राख होती. म्हातारं मांजर पायरीजवळच्या मातीत बसलं तरी कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मग आपण अंगणात फरशी घातली, वर मजला चढवला, माती घालवली आणि सबंध जगातली एकच जागा त्याला ठेवली, गच्चीवरचा वीतभर उंचीचा टब. मांजर होतं तसंच आहे, आपण घर बदललं.

आता नेहमीचा प्रश्न. इथे माणसांना दवाखाना मिळेना आणि तुम्ही मांजराचं काय घेऊन बसलात? दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातली हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, पुढचे पाच-सहा महिने घरी उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि मांजर. त्या म्हातारीला मी काहीही सांगणार नाही. तिचं मांजर मातीत जातं, तिच्या ताटातलं खातं, आणि ती कुणालाही पोत्यात घालत नाही. माझं भांडण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांशी आहे, ज्यांनी लॉकडाऊनमध्ये पर्शियन पिल्लू विकत आणलं, त्याचं इन्स्टा अकाउंट काढलं, आणि ज्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही की त्या जातीत मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक आजार असतो. ते पिल्लू आता पाच-सहा वर्षांचं आहे. तुमची वेळ येतेच आहे. शिवाय हा प्रश्न विचारणारे एरवी माणसांच्या दवाखान्यासाठी तहसीलवर बसलेले मला तरी दिसले नाहीत. ‘घाण करायली, मुद्दाम करायली’ हे वाक्य अंथरुणाला खिळलेल्या आजोबांबद्दलही याच घरांतून ऐकू येतं, हे जाता जाता.

सरकारचं सांगायचं तर सरकारच्या दृष्टीनं मांजर नाहीच. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत गाय-म्हैस, शेळी-मेंढी तर होतीच, शिवाय कुत्रा, ससा, हत्ती, मिथुन आणि याकसुद्धा. मांजर नव्हतं. बीड जिल्ह्यात याक नाही, हे मी जबाबदारीनं सांगतो. जे मोजलंच जात नाही त्याच्यासाठी दवाखान्यात सोय कशी होणार? सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात म्हैस उभी करायचा लोखंडी खोडा असतो. मांजराचं रक्त तपासायचं म्हटलं की चांगला डॉक्टरही हात वर करतो आणि संभाजीनगरचा नाहीतर परभणीचा रस्ता दाखवतो. डिसेंबर 2024 पासून राज्याचं पशुसंवर्धन खातं परळीच्याच पंकजा मुंडे यांच्याकडे आहे, परळीला पशुवैद्यकीय महाविद्यालयही मंजूर झालं आहे. त्याच्या रुग्णालयात लहान प्राण्यांसाठी रक्त-लघवी तपासणी आणि एक्स-रे पहिल्या दिवसापासून असावेत, ही मागणी आता केली नाही तर इमारत झाल्यावर करून उपयोग नाही.

आणि कायदा? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं भूक-तहानेनं हाल होतील अशा अवस्थेत प्राणी टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान 10 रुपये, कमाल 50. पोत्याची किंमतही याहून जास्त असेल.

काही मांजरं बरी होणार नाहीत. मूत्रपिंडं गेलेली असतील, वेदना थांबत नसतील, तुमचे पैसे संपलेले असतील. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, इंजेक्शन देऊन शांत झोपवणं योग्य ठरेल का. तो निर्णय जड असतो, पण घेता येतो, आणि शेवटी तुम्ही तिच्याजवळ बसू शकता. उसात सोडलेल्या तेरा वर्षांच्या मांजरीला वीतभर कड ओलांडता येत नव्हती. ती उंदीर कशी धरणार, आणि कुत्र्यांपुढे किती पळणार?

तेव्हा गाडी काढायचीच आहे तर काढा, पण पोत्याऐवजी झाकणाची टोपली घ्या आणि दवाखान्याच्या वाटेला लागा. निघण्याआधी दोन-तीन दिवस तिचं टबापाशी येणं, पंजा ठेवणं, परत फिरणं, पाण्याच्या वाटीजवळ किती वेळ बसते ते, सगळं मोबाइलवर घ्या. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली की ती भीतीनं अंग चोरून बसेल आणि काहीच दाखवणार नाही. तो व्हिडिओ आधी दाखवा.