गाव ओळखतं, पण कळवायचं कुणाला?

‘गावाकडे आईबापांची चिंता नाही, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.’ परदेशातल्या मराठी घरांत हे वाक्य आपण एकमेकांना धीर द्यायला म्हणतो. घरात कुणाला डिमेन्शिया झाला की या धीराची परीक्षा लागते. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई डोळ्यांसमोर ठेवून माझं म्हणणं मांडतो: ओळख हे गावाचं खरंच मोठं भांडवल आहे, पण तिला रीत लावलेली नसेल तर ऐन वेळी ती कामाला येत नाही. आणि ती रीत लावायला नवी इमारत लागत नाही. ग्रामसभेचा एक ठराव पुरतो.

हा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला आजार, असा आपला समज असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, डिमेन्शिया आहे. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आहे. खेड्यात तो दिसत नाही, कारण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून लोक विषय तिथेच संपवतात.

शिवाय आपल्या आठवणीतलं गाव आता उरलेलं नाही. घरं गावठाणातून मळ्यांवर, वस्त्यांवर गेली. मुलं रांजणगावच्या कंपनीत पाळीला, नाहीतर पुण्यात. शिरूरच्या या उत्तर पट्ट्यात ऊस वाढला आणि उसात बिबट्या मुक्कामाला आला. अशा ठिकाणी तिन्हीसांजेला घराबाहेर पडलेली म्हातारी बांधापलीकडे गेली की दिसेनाशी होते. पुढे विहीर आहे, बिबट्याची वेळ आहे. शोध पहिल्या तासात सुरू होतो की रात्री जेवायला हाक मारल्यावर, यावर सगळं ठरतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ पुष्कळांनी पाहिला असेल. मोहन आगाशे यांनी साकारलेले विस्मरणाने ग्रासलेले शास्त्री हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताचं गरीब कुटुंब त्यांना सांभाळतं. माया तिथे भरपूर आहे. पण त्या कुटुंबाला कळवायचं कुणाला हे ठाऊक नाही, आणि इकडे मुलगी शोध घेत फिरते आहे. आपल्या गावांची अडचण नेमकी हीच आहे.

आता गावात आधीपासून काय आहे ते पाहू. आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका, तिशीपुढच्या प्रत्येकाचा आरोग्य तपासणीचा फॉर्म भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न छापलेला आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? म्हणजे प्रश्न सरकारने आधीच विचारून ठेवला आहे. ‘हो’ असं उत्तर आलं की पुढे काय, हे मात्र गावाने ठरवायला हवं. ते नाव प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांपर्यंत गेलंच पाहिजे, कारण थायरॉइड, ब-१२ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत.

दुसरी गोष्ट एसटीची. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. योजना चांगलीच. पण गोंधळलेला म्हातारा माणूस आता खिशात रुपया नसताना मंचरला किंवा शिरूरला पोचू शकतो. त्याला सर्वांत आधी पाहतो तो कंडक्टर. ‘बाबा, कुठं निघालात?’ या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर कुणाला फोन करायचा, एवढं त्याला माहीत हवं. रेशन दुकानदार, बँकेतला शिपाई, पोस्टमन यांचंही तसंच. जपानने २००५ पासून दुकानदार, बँक कर्मचारी, शाळकरी मुलं यांना साधारण दीड तासाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. असे मदतनीस तिथे आज एक कोटीच्या वर आहेत.

तिसरी, ग्रामसुरक्षा यंत्रणा. एका टोल-फ्री नंबरवर बोललेला निरोप गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी वाजतो. चोर आला, बिबट्या दिसला की पुणे जिल्ह्यातली गावं ती वापरतात. हरवलेल्या माणसासाठीही ती पहिल्या दहा मिनिटांत वापरावी, संकोच न करता.

ब्रिटनमध्ये ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाचा एक फॉर्म कुटुंब आधीच भरून ठेवतं: जुने पत्ते, जुनी नोकरी, आवडीच्या जागा, अलीकडचा फोटो. माणूस हरवला की तो फॉर्म पोलिसांच्या हातात जातो. आपल्याकडे तो पोलीस पाटलांकडे असावा, आणि त्यात बाईचं माहेर पहिल्या ओळीत हवं. साठ वर्षं सासरी काढलेली आजी ‘घरी जाते’ म्हणून निघते, तेव्हा तिची पावलं बहुधा माहेरच्या वाटेला लागतात. त्याखाली जुना वाडा, विकलेलं शेत, येमाईचं देऊळ.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कोण विसरतं याची यादी झाली तर उद्या त्याच माणसाचा अंगठा एखाद्या खरेदीखतावर उमटेल. जमिनीचे भाव पाहता ही भीती पोकळ नाही. म्हणून यादी फळ्यावर लागू नये, व्हॉट्सॲपवर फिरू नये. कुटुंबाच्या संमतीने आशाताई, डॉक्टर आणि पोलीस पाटील यांच्यापुरतीच राहावी. दुसरा आक्षेप आशाताईंवरच्या कामाचा. तोही खरा; मानधनावर राबणाऱ्या बाईला आणखी एक काम फुकट सांगू नये.

इथे आपला संबंध येतो. परदेशातली आपली मराठी मंडळं गावाला देणगी देतात तेव्हा ती देवळाच्या सभामंडपाला, कमानीला, नाव कोरलेल्या बाकाला जाते. त्यातला थोडा वाटा आशाताईंच्या या जादा कामाच्या मोबदल्याला, वर्षातून एकदा कंडक्टर-दुकानदारांच्या प्रशिक्षणाला आणि सांभाळणाऱ्या सुनेला महिन्यातून दोन दिवस सुट्टी मिळावी म्हणून मदतनिसाला द्यावा. घरात कॅमेरा बसवून लंडनहून पाहणारा मुलगा आई बाहेर पडलेली पाहू शकतो. तिला थांबवायला गावच लागतं.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. डिसेंबरात गावी जाणाऱ्यांनी आपल्या घरच्या मतदाराच्या सहीने सरपंचांकडे चार ओळींचा अर्ज द्यावा आणि २६ जानेवारीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला लावावा. मंडळाने त्या अर्जाचा मसुदा आणि कुटुंबाने भरायचा फॉर्म मराठीत तयार करावा. ते काम दिवाळीआधी होण्यासारखं आहे.